दुपारचं टक्कल

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमाग आहे, गालिचे विणणारा. कौतुक म्हणाल तर माझ्या वाट्याला भरपूर आलं, आणि खोटं कशाला बोलू, ते मी मन भरून घेतलं. पण आज कौतुक सांगायला मी तोंड उघडलेलं नाही. माझ्यामुळे एका भल्या बाईचं नाव एकोणतीस वर्षं खराब राहिलं. ते एकदा तुमच्यासमोर सांगून टाकायचं आहे. तेव्हा जरा बसा, मध्येच उठून जाऊ नका.

ओतीव लोखंडाच्या दोन चौकटी, मध्ये लाकडी तुळया आणि मागे रंगीत लोकरीच्या रिळांची मोठी मांडणी, असा माझा देह. मला एका लांबलचक शेडमध्ये उभं केलं. तिथे माझ्यासारखे आणखी अकरा जण होते. सुरुवातीला मी अगदीच ढ होतो. गालिचा मऊ लागतो तो त्याच्यावरच्या लवेमुळे. ती लव अशी होते: लोकरीचा धागा एका सळईवरून घ्यायचा, म्हणजे त्याचं वेटोळं होतं. वेटोळं कापलं की त्याची टोकं ताठ उभी राहतात. माझ्या लहानपणी या सळया माणसं हातांनी घालायची, हातांनी ओढायची आणि वेटोळी सुरीने कापायची. संध्याकाळपर्यंत वीतभर गालिचा झाला तरी विणकर घाम पुसत म्हणायचा, "आज बरं काम झालं."

मग शेडमध्ये मिस्त्री आला. बोलायला कमी, पण डोकं असं की पडलेल्या खिळ्याकडेही तो बघत बसायचा. त्याने मला एक लोखंडी हात दिला. तो हात आपोआप सळई घालू लागला आणि आपोआप ओढू लागला. सळईच्या टोकाला मिस्त्रीने छोटं पातं बसवलं, म्हणजे सळई बाहेर येता येताच वेटोळी कापली जायची. आठवड्याचं काम मी दोन दिवसांत उरकू लागलो. बघायला गर्दी जमायची. मी फुशारलो होतो, हे मान्य करतो.

नक्षी मात्र माझी नव्हती. माझ्या डोक्यावर जेकार्ड नावाचं नक्षीचं यंत्र आहे. त्यात पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. गालिच्याच्या प्रत्येक ओळीला एक कार्ड. माझ्या सुया कार्डावर टेकतात. भोक असलं की सुई आत जाते आणि त्या रंगाचा धागा वर येतो. भोक नसलं की धागा खालीच राहतो. मी आपला हुकमाचा ताबेदार. फूल कुठे, पान कुठे, हे सगळं त्या भोकांत असतं. आणि भोकं पाडायची वहिनी.

वहिनी म्हणजे मिस्त्रीची सख्खी थोरली भावजय. आईमागे तिनेच त्याला वाढवला. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळी शेड तिला वहिनीच म्हणायची, मालकसुद्धा. कार्डखोलीत खिडकीशी तिची खुर्ची होती. समोर चौकटीच्या कागदावर नक्षी, बोटांखाली कळा, पायाखाली दाबायची पावटी. खटॅक केलं की कार्डाला भोक पडायचं आणि पुठ्ठ्याची टिकली खाली गळायची. कधी कधी ती पुरती गळत नाही, एका कडेने भोकात लोंबत राहते. मग सुई अडते. म्हणून वहिनी प्रत्येक कार्ड खिडकीच्या उजेडात धरायची, फुंकायची आणि मांडीवर दोनदा आपटायची. कुणी हसलं तर म्हणायची, "पोराच्या नाकाला शेंबूड राहिला तर चालतो. कार्डाला नाही चालत."

माझा वेग वाढला तशी एक नवीच पीडा सुरू झाली. सुयांमागच्या स्प्रिंगा दणकट होत्या. वेगात त्या सुयांना इतक्या जोराने रेटायच्या की कार्डं फाटायची. वहिनी एक दिवस फाटक्या कार्डांचा गठ्ठाच घेऊन आली आणि माझ्यासमोर आपटला.

"मिस्त्रीबुवा, तुझं हे धूड माझी कार्डं खातंय. मी काय जन्मभर तीच तीच भोकं पाडत बसू?"

तिची बोटं सुजली होती. मिस्त्रीला ते बघवलं नाही. त्याने आठवडाभर खपून बारीक तारेच्या स्प्रिंगा वळल्या आणि प्रत्येक सुईमागे बसवल्या. सुया हलक्या झाल्या, कार्डं फाटायची थांबली. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. त्याने ते वहिनीच्या बोटांसाठी केलं होतं.

थोड्याच दिवसांत एका नाट्यगृहाच्या जिन्याचा गालिचा माझ्यावर चढला. गर्द तांबडी जमीन आणि तिच्यात सायीच्या रंगाची मोठी फुलं. आणि एका फुलात टक्कल पडलं. म्हणजे धागा वर आलाच नाही, लवेत बोटभर खड्डा पडला. आमच्या शेडमध्ये त्याला टक्कलच म्हणत. माझा विणकर म्हणजे 'सावकाश'. प्रत्येक काम सावकाश करायचा म्हणून त्याचं नाव तेच पडलं होतं. त्याने मला थांबवलं. दोन दिवसांनी पुन्हा टक्कल, आणि त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा. तेव्हा मालकांनी सगळ्यांना माझ्यापाशी बोलावलं.

"यंत्र चुकत नाही, मालक," मिस्त्री म्हणाला. "भोक दिसलं की सुई जाणारच."

त्याला तेव्हा खरोखरच तसं वाटत होतं. मालकांनी कार्डं काढायला लावली. भोकं सगळी जागच्या जागी, स्वच्छ. आता कोड्यात पडल्यासारखे सगळे उभे राहिले. तेवढ्यात सावकाश बोलला. या एकाच वेळी त्याने घाई केली.

"टिकली अडकली असेल, आणि आता गळाली असेल."

झालं! यावर कोण काय बोलणार? जी टिकली नाहीच, ती नव्हती हे दाखवायचं कसं? सगळ्यांच्या नजरा वहिनीकडे वळल्या. ती म्हणाली, "मी प्रत्येक कार्ड बघते." मालक म्हणाले, "उद्या सकाळी चालवून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुसून, तेल देऊन चालवलं. मी लोण्यासारखा चाललो. एकही टक्कल नाही. मालक माझ्या चौकटीवर थाप मारून म्हणाले, "शाबास!" आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या शाबासकीची किंमत कोण भरतंय, हे कळायला मला क्षणभर उशीर झाला. वहिनी बाजूलाच उभी होती.

"राहिली असेल एखादी," ती हळूच म्हणाली. "डोळ्यांचा काय भरवसा."

मालकांनी तिला काढलं नाही. कार्डखोली सोडून तुटलेल्या धाग्यांना गाठी मारायच्या खात्यात जा, म्हणाले. वहिनी म्हणाली, "जिथे माझ्या हातावर विश्वास नाही, तिथे हात कशाला ठेवू?" आणि ती निघून गेली. मिस्त्री तिला दारापर्यंत सोडायलाही गेला नाही. माझ्या मागे वाकून उगीचच एक नट आवळत राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी माझा एक धागा गुंतला. तो सोडवायला मिस्त्रीने माझं डोकं उघडलं आणि सहज एक सुई बोटाने दाबून सोडली. सुई परत आली, पण आळशी माणूस बिछान्यातून उठतो तशी. त्याने दुसरी दाबली, तिसरी दाबली. लोकरीचं तूस हवेत उडतं, ते दुपारपर्यंत माझ्या तेलात मिसळून चिकट होतं. जुन्या दणकट स्प्रिंगा सुयांना त्यातून रेटून न्यायच्या. या बारीक स्प्रिंगांना तेवढा जोर नव्हता. सकाळी साफसफाई झाली की पुन्हा सगळं ठीक. म्हणूनच परीक्षेच्या सकाळी मी पास झालो होतो.

मिस्त्रीला सगळं उमगलं. मग त्याने झाकण लावलं. सुट्टीच्या दिवशी तो एकटा आला आणि नव्या स्प्रिंगा बसवल्या, ना जाड ना बारीक, मधल्या. बारीक काढून गटारात टाकल्या. मला वाटलं, आता हा सांगणार. जाताना तो मलाच म्हणाला, "उद्या सांगतो." उद्याचा परवा झाला. मालकांनी त्याला बढती दिली, माझ्यासारखीच सुधारणा बाकीच्या अकरा मागांवर करायला सांगितली. मग परव्याचं वर्ष झालं.

त्यानंतर माझ्यावर टक्कल कधी पडलं नाही, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट झाली. मी जितका नीट चाललो, तितकी वहिनीची चूक पक्की होत गेली. सावकाशने एकदा गमतीत म्हटलं, "वहिनी गेल्या, टक्कल गेलं." लोक हसले आणि शेडमध्ये ती म्हणच पडून गेली. कुणाचा खोकला बरा झाला तरी म्हणायचे, वहिनी गेल्या, टक्कल गेलं. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं, तेसुद्धा म्हणायचे. मी चोर आहे असं मला वाटायचं. तोंड असतं तर बोललो असतो, असं मी स्वतःला समजावतो. पण तोंड असलेला मिस्त्री तरी कुठे बोलला?

वर्षं गेली. नवे वेगवान माग आले. माझ्यावर धूळ बसली, मग गंज. शेवटी शेड बंद झाली. अकरा भाऊ भंगारात गेले. मला एका विणकाम शिकवणाऱ्या शाळेने मागून घेतलं. मला पुन्हा चालता करायला त्यांनी म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. शाळेच्या बाईंना कार्डं पाडायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं. शोधता शोधता त्या वहिनीपर्यंत पोहोचल्या. मिस्त्रीला याचा पत्ता नव्हता; घरी शेडचा विषय दोघंही कधी काढत नव्हते.

वहिनी काठी टेकत आली. केस पांढरे झाले होते. मुली तिच्याभोवती जमल्या. तिने कार्ड पाडायच्या यंत्राच्या कळांवरून एकदा हात फिरवला आणि मागे घेतला.

"नको हो बाई. माझ्या हातून टिकल्या राहतात. पोरींना चुकीचं कशाला शिकवू? आता साधं बटण लावायचं तरी त्याची चार भोकं मी चारदा बघते."

मिस्त्री माझ्या मागे होता. तो बाहेर आला.

"वहिनी, टिकली नव्हती."

"काय नव्हतं?"

"टिकली नव्हती गं. स्प्रिंग होती. मी बसवलेली. तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मला कळलं."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. "चौथ्या?"

"चौथ्या."

"आणि आज कितवा आहे रे?"

मिस्त्रीने मान खाली घातली. वहिनी खाली बसली. म्हणाली, "माझं मन राखायला बोलत असशील. तुझ्या बोलण्याचं काय खरं धरू? चालवून दाखव."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बारीक तार घेऊन आला. त्याने तसल्याच स्प्रिंगा वळल्या. वहिनीने जुन्या माळेतलं कार्ड न् कार्ड उजेडात धरून बघितलं. आठवड्याने एका सकाळी मला सुरू केलं. दहा वाजले, अकरा वाजले. फुलामागून फूल उमललं, एकाला डाग नाही. बारा वाजले. वहिनीचा चेहरा उतरत चालला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "माझंच चुकलं होतं. बंद कर."

"थोडं थांब, वहिनी. तुझ्या पाया पडतो, थोडं थांब."

मित्रांनो, मी जन्मभर नीट चालायला धडपडलो. त्या दुपारी मात्र चुकायला मिळावं म्हणून मी तळमळत होतो. तूस उडत होतं, तेल चिकट होत होतं, पण सुया आपल्या जातच होत्या. एक वाजला. मग दोनच्या सुमाराला एक सुई टेकली आणि तिथेच लोळली. सायीच्या फुलात बोटभर खड्डा पडला. बाईंनी मला थांबवलं.

वहिनीने त्या टकलात बोट घातलं. मग ते कार्ड काढून खिडकीपाशी नेलं. भोक स्वच्छ होतं. त्यातून उन्हाचा ठिपका तिच्या गालावर पडला. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून मिस्त्रीकडे वळली.

"तुला मी घरी बघते."

आणि मुलींना म्हणाली, "उभ्या काय राहिलात गं? खुर्ची द्या मला. कोरी कार्डं आणा."

तिने मिस्त्रीला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तो त्यांच्या घरचा मामला आहे. माझ्याकडे तर तिने वळूनही पाहिलं नाही, आणि मागाला माफी देतं तरी कोण? माझा अपराध माझ्यापाशीच राहिला आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणं आहे. मला तेल द्या, माझं तूस पुसा, गंज चढू देऊ नका. तेवढं झालं तर बरंच. पण माझ्या भरवशावर कुणाला चूक ठरवणार असाल, तर सकाळी मला पुसून-पासून शाबासकी देऊ नका. दुपारपर्यंत चालवून बघा.