काडेपेटीतलं गाणं

दुकानातून घरी पोचेपर्यंत रंगारणीने ती डबी पिशवीतून चारदा बाहेर काढून पाहिली. गाणी ऐकायचा, काडेपेटीएवढा प्लेअर. मागे चिमटा, पुढे चार बटणं, आणि पडदा अजिबात नाही. वजन इतकं कमी की दुकानदाराने तळहातावर ठेवला तेव्हा तिने आधी विचारलं, आत काही आहे ना? रस्ता ओलांडताना तिला उगाचच हसू येत होतं. चाळिशी उलटलेल्या बाईने भर रस्त्यात असं हसू नये वगैरे तिला ठाऊक होतं, पण त्या दिवशी तिने ते मनावर घेतलं नाही.

नवऱ्याने मात्र प्लेअर पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला.

"या काडेपेटीसाठी तू ठोकळा सोडणार?"

ठोकळा म्हणजे तिचा जुना प्लेअर. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यानेच दिलेला. कातडी पिशवी, हातभर वायर, पडद्यावर गाण्याचं नाव आणि खाली गाणाऱ्याचा फोटो. सहा हजार गाणी त्याने एकेक करून त्यात भरली होती. तो नळजोडणीचं काम करायचा. प्रत्येक जोड तीनदा तपासल्याशिवाय पाणी सोडायचा नाही, आणि गाणीही त्याने तशीच भरली होती. ठोकळ्याचा आवाज देखणा होता, हे ती कधीच नाकारत नसे. पण तो खिशात घालून शिडी चढलं की पँट गुडघ्याकडे निघायची. मागच्या वर्षी तो खिशातून निसटला आणि त्याला धरायला तिने दोन्ही हात सोडले. शिडीवर असताना दोन्ही हात सोडायचे नसतात. खाली आक्का होती म्हणून निभावलं. आक्का ही तिची जोडीदारीण. भिंतीच्या भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची आणि घासायची आक्काने, रंग द्यायचा हिने. आक्काने एका हाताने शिडी धरली, दुसऱ्याने ठोकळा झेलला, आणि तोंडाने जे काही म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून ठोकळा कपाटात टॉवेलमध्ये गुंडाळलेला. तळहाताच्या फोडासारखा जपायचा आणि रविवारी तेवढा बाहेर काढायचा.

"अहो, सोडत नाहीये. पण मला कामावर ऐकायचंय. आठच दिवस आहेत."

आठ दिवसांनी, शनिवारी, गायनवृंदाची चाचणी होती. तीस बायकांचा वृंद, आणि त्यात पहिल्या आवाजात एक जागा रिकामी झालेली. पहिला आवाज म्हणजे गाण्याची वरची, मुख्य चाल. दुसरा आवाज तिच्याखालून आपल्या वेगळ्याच वाटेने जातो. वृंद चालवणाऱ्या बाईंनी चाचणीसाठी नवंकोरं गाणं बांधलं होतं आणि दोन्ही आवाज स्वतः गाऊन सगळ्यांना पाठवले होते. वर ताकीदही दिली होती: आपलाच आवाज ऐका, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका, घोळ होईल.

रंगारणीला स्वरलिपी वाचता येत नव्हती. तिची सगळी भिस्त कानावर. तीन वर्षांपूर्वी ती अशाच चाचणीला उभी राहिली होती; रात्रीच्या जेवणानंतरच्या अर्ध्या तासात ठोकळ्यावर ऐकून काय शिकली तेवढंच. तिसऱ्या ओळीवर अडकली आणि खाली मान घालून घरी आली. नंतर कित्येक महिने ती अंघोळ करतानाही गुणगुणली नाही. ते नवऱ्याला आठवत होतं. म्हणूनच तो फार बोलला नाही. रुसका चेहरा तसाच ठेवून त्याने दोन्ही आवाज काडेपेटीत भरले.

"सुरू केलंस की पहिला आवाज लागेल. पुढचं बटण दाबलंस तर दुसरा. ते दाबू नकोस."

एकदा कानाला लावून बघितलं असतं तर कळलं असतं. पण रुसलेला माणूस तपासत बसत नाही, मग तो कितीही नेटका असो.

दुसऱ्या दिवशी कामावर तिचे पाय जमिनीवर नव्हते, आणि हे शिडीमुळे नव्हे. एका दवाखान्याचा तीन मजली जिना रंगवायचा होता. प्लेअर कॉलरला चिमटला, एक कान गाण्याला दिला, दुसरा आक्कासाठी मोकळा ठेवला. हात रंगाने भरलेले असले तरी अंगठ्याच्या मागच्या पेराने बटण दाबता येत होतं. खिशाला ओढ नाही, वायर रोलरमध्ये अडकत नाही, सारखं पडद्याकडे बघणं नाही. अरे, इतकं सोपं होतं तर मी एवढी वर्षं काय करत होते, असं तिला वाटलं. पुढचं लागायच्या आत बटण दाबून ती तेच परत लावायची. पहिला मजला होईपर्यंत तिने गाणं एकवीस वेळा ऐकलं.

मग सगळा आठवडा तिने त्या गाण्यात काढला. आक्काचं घासायचं यंत्र कानाशी घरघरत असायचं, खालून कोणी स्ट्रेचर जाऊ दे म्हणून ओरडायचं, तिसऱ्या मजल्यावर सुतार भोकं पाडायचा, आणि या सगळ्यात ती मोठ्याने गात, आपली ओळ धरून रोलर चालवायची. बुधवारपर्यंत चाल तिच्या हाडात मुरली. प्लेअरवर पांढरे ठिपके पडले. ते तिने मुद्दाम पुसले नाहीत.

गुरुवारी डबा खाताना आक्का म्हणाली, "तुझं ते गाणं मलाही पाठ झालंय. पण काय गं, ते सारखं खालच्या खालीच फिरतं. आता वर जाईल, आता वर जाईल म्हणून मी वाट बघते, आणि जातच नाही."

"बाईंनी बांधलंय. त्यात काहीतरी असेल."

"असेल बाई. मला भिंतीतलं कळतं."

शनिवारी दुपारी ती कामावरून थेट सभागृहात पोचली. केसांत रंग, कॉलरला प्लेअर. नवरा मागच्या रांगेत येऊन बसला होता. मांडीवर त्याने ठोकळा ठेवला होता, टॉवेलसकट. चाचणीआधी तिला शेवटचं नीट ऐकायचं असेल तर, म्हणून. तिला ते पाहून एकदम भरून आलं, पण तेवढ्यात तिचा नंबर लागला.

बाईंची पद्धत अशी, की उमेदवाराला एकटीला गायला लावायचं नाही. पहिल्या आवाजाच्या रांगेत उभं करायचं आणि सगळ्यांबरोबर गाऊ द्यायचं. बाईंनी हात उचलला. रंगारणीने श्वास घेतला आणि सुरू केलं.

पहिल्याच ओळीत सगळी रांग वर गेली आणि ती एकटी खाली राहिली.

डाव्या उजव्या दोन्ही बाजूंना वेगळीच चाल चालली होती, तिने जन्मात न ऐकलेली. शेजारणीने चमकून पाहिलं. क्षणात तिला कळलं की आठ दिवस आपण दुसराच आवाज घोटला. थांबायचं? थांबलं की तीन वर्षांपूर्वीचीच खाली मान. आणि वर जाणं तर शक्यच नव्हतं, वरची वाट तिला माहीतच नव्हती. मग सुताराचं यंत्र चालू आहे असं धरून तिने नजर समोरच्या भिंतीवर लावली, आणि आपली ओळ सोडली नाही.

दुसऱ्या कडव्याला बाईंनी मागच्या, दुसऱ्या आवाजाच्या रांगांना हाताने गप्प केलं. आता चौदा जणी वर होत्या आणि खाली ती एकटी. तिसरी ओळ आली, गेली. आणि तिला दोन्ही वाटा एकदम ऐकू येत होत्या. आठवडाभर अर्धंच असलेलं गाणं तिच्याभोवती पुरं होत होतं. भीती कुठे गेली तिला कळलंही नाही. तिला फक्त ते संपू नये असं वाटत होतं.

संपलं. बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही पहिल्या आवाजासाठी आलात ना?"

"हो. हाच पहिला समजून शिकले."

रांगेत हशा पिकला.

"ती जागा तुम्हाला देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पहिला आवाज तुम्हाला येतच नाही." तिने मान हलवली. प्लेअर काढून खिशात टाकावा म्हणून तिचा हात कॉलरकडे गेला. बाईंचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. "दुसऱ्या आवाजात माझ्याकडे बायका आहेत पुष्कळ. पण शेजारची वर गेली की निम्म्या तिच्यामागे जातात. इतक्या जणींत एकटीने ओळ धरायला कुठे शिकलात?"

"जिन्यात," ती म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

"सोमवारी सहाला या. दुसऱ्या आवाजाच्या रांगेत उभ्या राहा."

बाहेर नवरा ठोकळा पोटाशी धरून उभा होता. चेहरा पडलेला.

"मी पहिला आवाज आधी भरला होता. ही काडेपेटी शेवटी भरलेलं आधी वाजवते वाटतं. मी तपासलं नाही."

"बरं झालं नाही तपासलंत."

"तू पडली असतीस तिथे."

"पडले नाही ना," ती म्हणाली. आणि मग एकदम थांबली. कॉलरचा प्लेअर काढून तिने त्याच्या शर्टाला चिमटला आणि इअरफोन त्याच्या एका कानात घातला. दुसरा कान मोकळा ठेवला. "पुढचं बटण दाबा. पहिला आवाज लागेल. मी तो अजून धड ऐकलेला नाही, तुम्ही ऐका."

त्याने बटण दाबलं. बाईंच्या सुरुवातीच्या श्वासाला त्याने खुणेसाठी बोट उचललं आणि तिने फुटपाथवरच तिची ओळ धरली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना एका रंगाने माखलेल्या बाईचं अर्धं गाणं ऐकू येत होतं. पुरं गाणं फक्त त्याच्या डोक्यात वाजत होतं. तो ठोकळा काखेत घेऊन तिच्याकडे बघत हळूहळू चालत राहिला, आणि कोपऱ्यावर वळायचं विसरला.

गाणं संपलं तेव्हा त्याने डोळे पुसले आणि अंगठ्याने ते बटण चाचपलं.

"परत म्हण," तो म्हणाला.