साक्षीच्या दुपारी

रविवारची दुपार होती. नवीन जालन्यातल्या त्या कॉलनीत जेवणं उरकून सगळे आडवे झाले होते. कौसल्याचा नवरा धम्मपाल, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा मास्तर, एका सोबतच्या शिक्षकाकडे साखरपुड्याला मंठ्याला गेला होता. कौसल्या आठवडाभर एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात असायची, त्यामुळे घर आवरायला हाच एक दिवस. माळ्यावरचा पापडांचा डबा काढायला ती स्टुलावर चढली आणि स्टूल कलंडलं. पाय कसा मुडपला ते तिला कळलंही नाही. उठायला गेली तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली.

"साक्षी," तिनं हाक मारली. "अगं साक्षी."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत त्यांची एकुलती एक लेक होती, तेरा वर्षांची. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "घाबरू नको. मी हाय ना. तू हलू नको, मी येऊ राह्यले."

इतक्या मायेनं पोरगी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. त्या दुखण्यातही कौसल्याचा ऊर भरून आला. ती दाराकडे बघत पडून राहिली. दार उघडलं नाही.

"भिंतीमागं लप," आतून आवाज आला. "आलेच. उचलते तुला."

तेव्हा कौसल्याला उमगलं. कानाला हेडफोन लावून साक्षी मोबाईलवरच्या खेळात कुणाला तरी वाचवत होती. आईची हाक तिच्या गावीही नसावी.

कौसल्यानं आणखी हाका मारल्या. मग तिनं हाका मारणंच सोडून दिलं. शेजारच्या द्वारकाबाई विरजण मागायला आल्या तेव्हा त्यांना ती फरशीवर डोळे मिटून पडलेली दिसली.

पाय प्लास्टरमध्ये गेला. धम्मपालनं दवाखान्यातच पोरीच्या हातातला मोबाईल हिसकावून घेतला आणि घरी आल्यावर कपाटात कुलूपबंद केला. पुढं जो भेटेल त्याला तो एकच गोष्ट सांगू लागला.

"ही त्या गेमवाल्यांची करामत हाय. शाळेपाशी दारूचं दुकान काढू देत न्हाईत ना? मंग हे लेकरांच्या हातात बिनधास्त कसं काय चालतं? कलेक्टरला निवेदन देऊ. सगळ्या कॉलनीच्या सह्या घेऊ."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घरोघरी हेच चाललेलं होतं. लोकांनी माना डोलावल्या आणि येत्या रविवारी त्याच्याच अंगणात बैठक ठरली.

मधल्या दिवसांत कौसल्या घरात एकटी पडली. सकाळी धम्मपाल शाळेला जाई. दुपारी साक्षी शाळेतून येई, ताट वाढून आईसमोर ठेवी आणि न बोलता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजे. मग घर गप्प होऊन जाई. नळाचं थेंब थेंब पाणी, लांबून येणारी रेल्वेची शिट्टी, बाहेरून जाणारा एखादा ऑटो. आपल्या घरातली दुपार एवढी मोठी असते हे कौसल्याला ठाऊक नव्हतं. एरवी त्या वेळी ती ऑफिसात चार बायांत असे. संध्याकाळी घरी आलं की पोरीवर नजर टाकायची आणि म्हणायचं, "झाला का अभ्यास? ठेव तो मोबाईल." ते म्हणता म्हणताच स्वयंपाकाला लागायचं.

एका दुपारी करमेना म्हणून तिनं स्वतःचा मोबाईल उचलला. कुणाच्या लग्नातला नाच, कुणाची भाजीची कृती, कुणाची भांडणं. मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलेलं होतं. तिनं मोबाईल पालथा घातला. कितीतरी वेळ ती त्या पालथ्या मोबाईलकडे बघत राहिली.

मग तिनं साक्षीला जवळ बोलावलं.

"त्या दिवशी कुणाला उचलत होतीस गं?"

साक्षी खाली मान घालून उभी राहिली. "एक पोरगी हाय. नाव न्हाई माहीत. अकोल्याकडली हाय म्हणते. एकटी पडली की घाबरते ती."

"माझी हाक ऐकूच आली न्हाई तुला?"

साक्षीनं आईच्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाली, "आल्ती. पण डाव मधीच सोडला तर खालच्या नंबरावर टाकतात. सोबतचे शिव्या देतात. अन् मला वाटलं, तू रागवायला हाक मारू राह्यली." तिचा आवाज बारीक झाला. "तू हाक मारते, तवा रागवायलाच मारते ना, मम्मी."

कौसल्याला प्लास्टरमधला पाय दुखायचा थांबल्यासारखा वाटला. तिनं पोरीचा हात धरला.

तिला जालन्याला येण्याआधीचे, वडीगोद्री गावातले दिवस आठवले. तिथं असताना साक्षी शाळेच्या मैदानावर अंधार पडेस्तोवर खो-खो खेळायची. जालन्याला आल्यावरही ती समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कॉलनीतल्या पोरी जमवायची. मग एके दिवशी मोटारसायकलवरची दोन पोरं तिथं घिरट्या घालू लागली. त्या पोरांना कुणी काही बोललं नाही. साक्षीला मात्र घरात घेतलं. 'आता मोठी झालीस' असं कौसल्याच म्हणाली होती. पोरीला घरबसल्या करमावं म्हणून त्याच आठवड्यात धम्मपालनं मोबाईल आणला. हळूहळू बाकीच्यांनीही आपापल्या पोरी आत घेतल्या. प्लॉटवर आता गाड्या लागत होत्या.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. कौसल्या दाराशी कॉटवर बसली. धम्मपाल चांगलं बोलला. शेवटी त्यानं लेकीला पुढं बोलावलं.

"साक्षी, उभी राह्य. या गेमनं तुझं काय करून ठेवलं, सांग सगळ्यांना."

साक्षी भिंतीला चिकटली. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"ती उभी राहणार न्हाई," कौसल्या म्हणाली.

"अगं, लोकांना कळायला पाहिजे."

"मंग मी सांगते. बसा तुम्ही." ती कॉटवर ताठ बसली. "निवेदनावर पहिली सही माझी घ्या. डाव सोडला की लेकराला शिक्षा करणारा खेळ ज्यानं काढला, त्याला जाब विचारायलाच पाहिजे. ते बराबर हाय. पण त्या कंपनीनं माझ्या पोरीला घरात कोंडलं न्हाई. ते आम्ही केलं. मोबाईल तिच्या हातात आम्हीच दिला, अन् ती गप बसली म्हणून खूश झालो. हे कुठल्या कलेक्टरला सांगायचं?"

रखमाजी नावाच्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला आणि चहाचा कप खाली ठेवला. "पोरींना बाहेर सोडणं आता सोपं न्हाई, बाई," द्वारकाबाई पुटपुटल्या. सह्या झाल्या, लोक उठून गेले. धम्मपाल खुर्च्या आवरत राहिला. चार लोकांत बायकोनं आपलं हसं केलं असं त्याला वाटत होतं, आणि ती खोटं बोलली असंही म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर कौसल्यानं वॉकर मागितला. साक्षीच्या आधारानं ती प्लॉटपर्यंत गेली आणि एका दगडावर बसली.

"तुमच्या शालूला पाठवा हो खेळायला, द्वारकाबाई," तिनं वरच्या खिडकीकडे बघून सांगितलं. "मी बसलेय इथं. दिवेलागणीपर्यंत हलत न्हाई."

"अभ्यास करू राह्यली ती," वरून उत्तर आलं. त्याच खिडकीतून बंदुकीचे बारीक आवाज येत होते.

तिनं आणखी दोन-तीन घरांना सांगून पाहिलं. कुणी आलं नाही. गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत साक्षी हात मागं बांधून उभी होती. काय करावं तिला कळत नव्हतं.

"चल ना मम्मी घरी. कोणीच न्हाई येत."

तेवढ्यात धम्मपाल शाळेतून आला. दोघींना तिथं बघून त्यानं मोटारसायकल थांबवली, पण लगेच उतरला नाही. मग एकाएकी उतरून त्यानं तिथली एक स्कूटर कडेला ढकलली आणि दुसऱ्या गाडीला हात घातला. कॉलरखाली घाम आला तरी तो थांबला नाही.

"काय खेळायचं?" त्यानं विचारलं.

"दोघांत कुठं खो-खो होतो का, पप्पा," साक्षी म्हणाली.

"न्हाई होत," तो म्हणाला आणि तिथंच तिच्याजवळ उभा राहिला.

एकेक खिडकी निळसर उजेडानं भरत गेली, आणि त्या खिडक्यांतून एकही पोर खाली आलं नाही. अंधार पडल्यावर कौसल्या वॉकर धरून उठली.

"उद्या बी यायचं," ती म्हणाली, आणि तिघं घराकडे निघाली.