चारशे अठरा क्रमांकाचे दोघे

मी एक जुने नंबरिंग मशीन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलेही नसेल. उभे लोखंडी अंग, वर काळी लाकडी मूठ आणि पोटात सहा छोटी चाके. प्रत्येक चाकावर शून्यापासून नऊपर्यंतचे उलटे आकडे. मूठ दाबली की आकड्यांना शाई लागते आणि ते कागदावर उमटतात. मूठ वर येताना एक बारीकसा दात शेवटचे चाक एक घर पुढे ढकलतो. मला वाचता येत नाही, बेरीज येत नाही. मागच्यापेक्षा एक जास्त, एवढेच मला कळते.

माझ्या बाजूला एक छोटी कळ आहे. ती 'एक'वर असली की दर दाबाला आकडा बदलतो. 'दोन'वर असली की तोच आकडा दोनदा उमटतो, मग बदलतो. एकदा अर्जावर आणि एकदा अर्जदाराच्या पावतीवर.

मी जिथे तयार झाले, तिथल्या तपासनिसाने मला हजार वेळा दाबून पाहिले होते. एकही चूक सापडली नाही. मग त्याने मला तेलकट कागदात गुंडाळले आणि सोबत एक चिठ्ठी ठेवली : दर महिन्याला एक थेंब तेल घालावे.

मी आले ते एका वकीलबाईंच्या कार्यालयात. दुसरा मजला, दोन खोल्या, भिंतीला छतापर्यंत कागदांचे गठ्ठे. बाई फक्त दिवाळखोरीची कामे घेत. एखाद्या कारखान्याकडे देणी फेडायला पैसे उरले नाहीत, की त्याचे दिवाळे निघाले असे म्हणतात. मग कोर्टाच्या हुकमाने तिथले उरलेसुरले सगळे विकतात आणि ज्यांचे येणे आहे त्यांना वाटून देतात. येणे असलेल्या प्रत्येकाने ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज द्यायचा. त्या अर्जावर मी क्रमांक मारायचा. अर्जदाराच्या हातात माझा आकडा पडला की त्याला वाटायचे, आपण आता रांगेत लागलो.

मी काकांच्या ताब्यात होते. काका म्हणजे बाईंचे कारकून. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला एकाऐवजी चार थेंब तेल घातले. दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलेल्या अर्जाच्या पहिल्या पानावर हा एवढा डाग. बाई म्हणाल्या, "काका, हा अर्ज आहे की गॅरेजचं बिल?" काकांना ते फार लागले. त्यानंतर बावीस वर्षांत मला तेलाचा थेंब मिळाला नाही. पण कौतुक भरपूर मिळाले. नवीन माणूस आला की काका माझ्या मुठीवर हात ठेवून म्हणत, "माणूस चुकेल, हे चुकणार नाही." ते ऐकून मी फुगून जात असे. आतमध्ये वाळलेली शाई आणि कागदाची धूळ मिळून दातापाशी काळा लगदा साचत होता, हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केले नाही.

कायदा शिकलेली मुले अधूनमधून तिथे उमेदवारीला येत. काका सगळ्यांना 'नवीन' म्हणत. नावे लक्षात ठेवण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत होते, कारण बहुतेक जण टिकत नसत. एकाला धुळीने शिंका यायच्या. एक म्हणाला, मी वकील व्हायला आलो होतो, हमाल व्हायला नाही, आणि जेवायला गेला तो परतलाच नाही.

चौदावी 'नवीन' ही एक सडपातळ मुलगी होती. तिचे वडील शाळेची बस चालवत. तिच्याजवळ खिशात मावेल अशी वही असे आणि त्या वहीत ती सगळे लिहून ठेवी. जिन्याच्या पायऱ्या सत्तेचाळीस. झेरॉक्सला पानामागे चार सेकंद. तिचा करार साधा होता. तीन महिने बिनपगारी, फक्त बसभाडे. काम पटले तर सहायकाची नोकरी. सहायक म्हणून निभावले तर पुढे कधीतरी कोर्टात उभे राहायचे.

तोवर ती कागदांना छिद्रे पाडी, दोऱ्याने गठ्ठे बांधी, अनुक्रमणिका करी. रोज दुपारी तिच्या आईचा फोन येई.

"काय गं, कोर्टात बोललीस का आज?"

"नाही आई. छिद्रं पाडली."

"कसली छिद्रं?"

"कागदांना."

"आणि एवढं शिकून?"

"नीट मधोमध पडतात आता," ती म्हणे आणि हसे.

तिच्या चौथ्या आठवड्यात काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याचे काम ऐन भरात आले. कारखाना बंद पडला होता आणि सहाशेहून जास्त कामगारांचा पगार अडकला होता. अर्ज घ्यायच्या शेवटच्या आठवड्यात रांग जिन्यावरून थेट रस्त्यावर गेली. खिडकीशी ती बसली होती, तिच्या हातात मी. कळ 'दोन'वर. त्या दिवशी आम्ही चारशे एकपासून सुरुवात केली.

दुपारी खिडकीशी एक उंच माणूस आला. त्याला सगळे भट्टीवाले म्हणत. तीस वर्षे वितळलेल्या काचेच्या उजेडात पाहून पाहून त्याच्या डोळ्यांची भिंगे गढूळ झाली होती. डावा डोळा गेलाच होता. उजवा वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केली तर वाचेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्या शस्त्रक्रियेसाठी त्याच्याकडे या थकलेल्या पगाराशिवाय दुसरे काही नव्हते.

"पोरी, सही कुठं करायची? माझं बोट धरून ठेव तिथं."

तिने त्याचे बोट धरून ओळीवर ठेवले. मग मला दोनदा दाबले.

"दोन खटके झाले," तो म्हणाला. "एक तुझा, एक माझा. बरोबर?"

"बरोबर. चारशे अठरा. जपून ठेवा."

मागून पॅकिंग खात्यातल्या एक बाई ओरडल्या, "आवरा हो भट्टीवाले! आम्हालाही घरी जायचंय."

"बाटल्या भरताना कधी एवढी घाई केली नाहीस ती?"

रांग हसली. तो काठी टेकत वळला आणि पॅकिंगवाल्या बाई पुढे आल्या.

मित्रांनो, त्या दोघांच्या मध्ये माझा दात घसरला. लगद्यावरून सरकला आणि चाक जागचे हलले नाही. मी पुन्हा तोच आकडा उमटवला, एकदा अर्जावर आणि एकदा पावतीवर. मुलीची नजर पुढच्या माणसाकडे होती. त्यानंतर दात पुन्हा नीट बसला आणि मी चारशे एकोणीस म्हणाले, जसे काही झालेच नाही.

पाच वाजता खिडकी बंद झाली. दिवसाचे अर्ज हाताने मोजून नोंदवहीत लिहायची तिथे पद्धत होती. तिने मोजले. त्रेसष्ट. मग माझ्याकडे पाहिले. माझा शेवटचा आकडा होता चारशे बासष्ट. म्हणजे अर्ज बासष्टच. तिने पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. वहीत लिहिले : त्रेसष्ट.

"काका, एक जास्त भरतोय."

काका डबा पिशवीत ठेवत होते. "दमली आहेस तू. बोटं दमली की एकच कागद दोनदा मोजला जातो."

"तीनदा मोजले, काका."

"या मशीनला बावीस वर्षं झाली इथं. आणि तुला?"

"बावीस दिवस."

"मग कुणाचं धरायचं, तूच सांग."

ती गठ्ठ्याकडे पाहत उभी राहिली. एकेक क्रमांक पाहत गेली असती तर वीस मिनिटे लागली असती. पण काका दिवा बंद करायला थांबले होते. तिने वहीतला आकडा खोडला, नोंदवहीत बासष्ट लिहिले आणि सही केली. मला त्या क्षणी काय वाटले ते खरे सांगते म्हटले तर लाज वाटते. मला अभिमान वाटला.

पुढचे सगळे सरळ घडत गेले. यादी टाइप करताना संगणकाने विचारले, हा क्रमांक आधीच आहे, जुनी नोंद बदलू का? टायपिस्टने 'हो' दाबले. भट्टीवाल्याचे नाव गेले आणि तिथे पॅकिंगवाल्या बाईंचे आले. छापील यादी कारखान्याच्या फाटकावर एकवीस दिवस लावली होती, कुणाची हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. भट्टीवाल्याने भाच्याला पाठवले. "चारशे अठरा आहे का ते बघ." भाच्याने आकड्यांवरून बोट फिरवले. "आहे, मामा." नाव त्याने वाचले नाही. मामा निश्चिंत झाला.

मुलीला सहायकाची नोकरी मिळाली. पहिल्या पगाराच्या दिवशी आईने फोनवर विचारले, "आता बोलशील ना कोर्टात?"

सात महिन्यांनी वाटपाचा दिवस आला. कारखान्याच्या रिकाम्या पॅकिंग शेडमध्ये बाके मांडली होती. चेक आधीच लिहून तयार होते, एकूण सहाशे अकरा. क्रमांक पुकारायचे काम तिच्याकडे होते आणि सह्यांच्या कागदांवर आकडे मारायला मलाही नेले होते.

"चारशे अठरा."

दोघे उठले.

"बसा हो भट्टीवाले," पॅकिंगवाल्या बाई म्हणाल्या. "माझा नंबर आहे हा."

"बाई, मला दिसत नाही, ऐकू नीट येतं. चारशे अठराच म्हणाल्या त्या."

"अहो, पण ही बघा माझी पावती."

"मला काय दाखवतेस? त्या पोरीला दाखव."

दोन्ही पावत्या टेबलावर आल्या. दोन्हींवर माझे आकडे. तोच तिरका चार, तीच आठाच्या पोटातली शाई. मुलीचा चेहरा उतरला. तिने यादीत पाहिले, मग खिशातली वही काढून मागे, फार मागे उलटत गेली. खोडलेला आकडा अजून वाचता येत होता.

ती वकीलबाईंकडे गेली. "मॅडम, वाटप थांबवायला हवं. यांचा अर्ज आपल्याकडे आहे. यादीत नाही."

बाईंनी पावत्या पाहिल्या. समोरच्या बाकांकडे पाहिले. "अजून किती जण?"

"एकशे त्र्याण्णव."

"आज थांबवलं तर सगळा हिशेब नव्याने कोर्टात जाईल. वर्ष जाईल. यातले निम्मे लोक उसने पैसे काढून इथं आलेत." बाईंचा आवाज खाली गेला. "पुढचा नंबर घे."

"आणि हे?"

"यांच्यासाठी अर्ज करू. पुढचा नंबर घे."

भट्टीवाला अजून उभाच होता, कान त्यांच्याकडे लावून. मुलीने यादी उचलली. बोट पुढच्या ओळीवर ठेवले. मग ती म्हणाली, "चारशे एकोणीस."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंपुढे वही ठेवली. बाईंनी खोडलेला आकडा पाहिला. "हे कोर्टात आलं तर या कार्यालयाचं नाव खराब होईल. तुझंही. तुझी तर सुरुवात आहे."

"सांगू नको म्हणताय का?"

बाईंनी वही तिच्याकडे परत सरकवली. "नाही. पण लिहून पाठवू नकोस. उभी राहून सांग."

अशी ती कोर्टात पहिल्यांदा बोलली. काळा कोट बाईंचा होता, बाह्या लांब होत होत्या. "मी त्रेसष्ट मोजले होते, साहेब," ती म्हणाली. "बासष्ट लिहिले."

न्यायाधीशांनी विचारले, "बासष्ट लिहायला कुणी सांगितलं?"

मागच्या बाकावर काका मान खाली घालून बसले होते.

"सही माझी आहे, साहेब."

मग मला समोर ठेवून शंभर वेळा दाबले गेले. मी एकदाही चुकले नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लाजिरवाणे शंभर आकडे.

हुकूम सहा आठवड्यांनी आला. भट्टीवाल्याचे येणे खरे आहे. मात्र वाटण्याजोगे काही शिल्लक नाही, शेडचे पत्रेसुद्धा विकले गेले आहेत. भरपाईसाठी कार्यालयावर वेगळा दावा लावता येईल. अशा चुकांसाठी कार्यालयाचा विमा होता; बाईंनी विमा कंपनीला लिहिले. कंपनीने कागद मागवले, कागद गेले, कंपनीने आणखी कागद मागवले. मुलगी दर महिन्याला पगारातले काही पाकिटात घालून भाच्याकडे देई. या सगळ्यात वर्ष सरले. उजवा डोळा कुणासाठी थांबला नाही.

हुकूम आला त्याच आठवड्यात त्याची प्रत न्यायला भट्टीवाला भाच्याचा हात धरून आला, सत्तेचाळीस पायऱ्या चढून. तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने त्यावरून बोटे फिरवली.

"काय लिहिलंय यात?"

"तुमचं म्हणणं खरं होतं, असं."

"ते मला माहीत होतं, पोरी," तो म्हणाला. "दोन खटके मी मोजले होते." त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि भाच्याचा हात धरून जिन्याकडे गेला.

काकांनी त्याच महिन्यात काम सोडले. जाताना तिच्या टेबलावर शिलाई मशीनच्या तेलाची एक बाटली ठेवून गेले.

मित्रांनो, ती मुलगी आता स्वतः वकील आहे. त्याच दोन खोल्यांत तेच काम करते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती मला टाचणीच्या टोकाने एक थेंब तेल घालते आणि ब्रशने दात साफ करते. उमेदवारीला आलेल्या मुलांना ती नावाने हाक मारते. संध्याकाळी अर्ज मोजायच्या आधी मला फडक्याखाली झाकून ठेवायला सांगते. आधी हाताने मोजायचे, लिहायचे, आणि मग फडके काढायचे. दोन आकडे जुळले नाहीत, तर त्या दिवशी कुणी घरी जात नाही.

तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखी जुनी यंत्रे असतील. त्यांचे गोडवे गाऊ नका. त्यांना पुसा, तेल घाला, अधूनमधून त्यांच्यावर शंका घ्या. आणि तुम्ही तीनदा मोजून त्रेसष्ट भरले असतील, तर समोर कोणीही असो, त्रेसष्टच लिहा. त्या संध्याकाळी, त्या खोलीत, एक अर्ज जास्त आहे हे आम्हा दोघींनाच ठाऊक होते. तोंड फक्त तिला होते.