कडेची बुरशी

काचेच्या आत, अगदी कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी होतं... लेन्स खिडकीकडे धरली की दिसायचं, जरा तिरकी केली की नाहीसं व्हायचं. बकुळाने ती पुन्हा फिरवली. धातूचं वजन तळहातात गार बसलं होतं, फोकसची कडी इतकी मऊ फिरत होती की हातातून सोडवेना — पण ही बुरशी.

"लपवत नाय मी," लेन्स विकायला काढलेले रूपर्ट अंकल म्हणाले. "किती पावसाळे कपाटातच पडून होती. माझ्या डोळ्यांना आता फोकस कळत नाय, मग काढू कशाला?"

गिरगावातल्या त्या लाकडी घरात दुपारीही अंधार होता. चर्चमधली लग्नं त्यांनी याच लेन्सने घेतली होती, फ्लॅशशिवाय, मेणबत्त्यांच्या उजेडात. बकुळाला तेच हवं होतं. लालबाग-परळच्या खोल्यांतून ती बारशांचे, डोहाळजेवणांचे फोटो काढायची — फोटोवाली बाईच आहे म्हणून बायका मोकळ्या बसायच्या — पण फ्लॅश पाहिला की म्हाताऱ्या बायका बाळाचे डोळे झाकायच्या.

मधली काच स्वच्छ आहे. समोरून ऊन आलं तर चित्र धुरकट होणार. उजेडासाठी आतलं छिद्र पूर्ण उघडलं तर कडा मऊ पडणार... पूर्वी ती स्टुडिओत निगेटिव्हवरचे डाग झाकायला ब्रश घेऊन बसायची तेव्हा मालक म्हणायचे, पापणीचा केसन् केस दिसला पाहिजे. त्या मापाने ही लेन्स नको. आणि नवरा, कुशाबा, सकाळी वरळीला, वॉचमनच्या ड्यूटीवर निघताना म्हणाला होता, "तुला पटली तर घे. मला त्यातलं काय कळतंय?" हल्ली तो असा हसून बोलतो. संपात गिरणी गेली तेव्हा महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडायचा. संप संपला हे तर कुणी सांगितलंच नाही, नुसते दिवस पुढे गेले, आणि एका सकाळी तो उठून दाढी करायला बसला...

तिचा कॅमेरा या लेन्सच्याच कंपनीचा होता. लेन्स लावली, पूर्ण उघडली. कोपऱ्यात अंकलची बायको, मॅग्डलीन आंटी, तांदूळ निवडत होत्या. बकुळाच्या नेहमीच्या लेन्समधून तिथे नुसती सावली दिसली असती. आता चेहरा उजळून आला. एक डोळा लख्ख, दुसरा किंचित विरघळलेला, आणि मागची पोपडे आलेली भिंत, कपाट, वाळत घातलेला टॉवेल — सगळं धुक्यात गेल्यासारखं.

चाळीतल्या शेवंताची भिंत अशीच पोपड्यांची होती. संपाच्या दुसऱ्या वर्षी समोरच्या खोलीत तिच्या मुलाचं बारसं होतं. पाळणा उसना, अंगावरची साडीही उसनी. बकुळाने फ्लॅश उडवला. फोटो स्वच्छ आला — इतका की रिकामी फळी, भिंतीचे पोपडे, साडीच्या सैल ब्लाउजला टाचलेली पिन, दचकलेलं बाळ, सगळं आलं. शेवंता बराच वेळ बघत राहिली. "बकुळा, सगळंच आलं गं यात," एवढंच म्हणाली आणि तो ट्रंकेत तळाशी ठेवला. फोटो खोटा नव्हता. पण त्या दिवशी ती बाळाकडे बघून हसली होती, तेही खरंच होतं, आणि तेवढंच नेमकं फोटोत नव्हतं... भिंत धूसर करणारी काच घेतली तर मी लपवणार आहे का? की जे बघायला गेले होते, तेच बघणार आहे?

"काय बघतेस गं एवढं?" आंटींनी मान वर न करता विचारलं.

"तुम्हालाच."

आंटी स्वतःशीच हसल्या. बकुळाने बटण दाबलं. कुणी दचकलं नाही. सुपातली बोटं तशीच चालत राहिली.

"घेऊन जा, रविवारपर्यंत ठेव," अंकल म्हणाले. "रोल धुवून बघ, मग सांग."

लेन्स पिशवीत घेऊन ती गल्लीतून निघाली. घ्यावी की नाही, ठरलं नव्हतंच. एका चाळीच्या जिन्याखाली एक बाई गजरे ओवत बसली होती. एरवी अशी जागा दिसली की उजेड नाही म्हणून ती पुढे जायची. आज थांबली. फोटो काढायचा नव्हता... डोळा काळोखाला सरावत गेला तशी आधी बोटं दिसली, मग दातात धरलेला दोरा, मग हळूहळू चेहरा. रोल कसा येईल ठाऊक नव्हतं — आणि तिला त्याची घाईही वाटत नव्हती.