दोन हजार चौदा, बाराव्यांदा

जोडणी नाकारली.
कारण: समोरच्याचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.

"लागू नाय म्हणजे?" रंगनाथकाकांनी विचारलं.

"म्हणजे त्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही, असं तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय," तेजल म्हणाली.

"मंग होईल की सुरू. थांबू. घाई कुणाला हे?"

घाई रंगनाथकाकांनाच होती. निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध त्यांचा वजनकाटा. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट काट्यावर चढतो, बाहेरच्या डब्यात लाल आकडे नाचतात, आत खोलीत पावती छापली जाते. आता जवळच एक नवा खासगी बाजार सुरू झाला होता आणि नव्या माणसाला असते तशी त्याला नियमांची हौस होती. वजन कागदावर आणू नका, इंटरनेटवरून कुलूपबंद जोडणीतून पाठवा. ज्या कॉम्प्युटरला काट्याची केबल, त्याच कॉम्प्युटरवरून पाठवा. मंगळवारी अकराच्या आत एक खरं वजन पोचलं तर काटा मान्य. नाही पोचलं तर सगळ्या ट्रॉल्या निवृत्तीच्या काट्यावर.

निवृत्तीचा काटा रस्त्याच्या पलीकडे होता. तो आधीच मान्य झाला होता. निवृत्ती दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून दिवसभर इकडे बघत बसायचा, टीव्ही बघावा तसा.

आज सोमवार.

तेजल नाशिकरोडहून स्कूटीवर आली होती. स्वतःच्या नावावर घेतलेलं तिचं हे पहिलं काम. काम तसं छोटं: काट्याच्या प्रोग्रामकडून वजन घ्यायचं आणि बाजाराच्या सर्व्हरला नेऊन द्यायचं. त्यासाठी तिने एक लायब्ररी आणली होती.

(पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. लग्नातल्या केटररसारखं: स्वयंपाक त्याचा, आपण फक्त सांगायचं काय हवं आणि काय अजिबात नको.)

तिने सांगितलं होतं ते असं.

कुलपाची आवृत्ती: नवीच. जुनी म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली मीटरच्या डब्यावर.
समोरच्याच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे ओळखपत्रावर, बाजाराचंच नाव आहे का: बघ.
ओळखीच्या संस्थेचा शिक्का आहे का: बघ.
तारीख चालू आहे का: बघ.

तेजलने स्क्रीनच्या कोपऱ्यात नजर टाकली. वेळ बरोबर. दिवस बरोबर. महिना मार्च, बरोबर. साल दोन हजार चौदा.

"काका, हे साल चुकलंय."

"चुकलं नाय. ठेवलंय."

दोन हजार चौदा: थोडक्यात इतिहास

वजनाचा प्रोग्राम विकणारा माणूस गळ्यात टाय घालून आला होता. एक वर्षाची परवानगी दिली, 'पुढच्या वर्षी येतो' म्हणाला आणि गेला. पुढचं वर्ष आलं, तो आला नाही. प्रोग्राम बंद पडला. तेव्हा बयाकाकूंनी, म्हणजे रंगनाथकाकांच्या मंडळींनी, कॉम्प्युटरची तारीख हाताने मागे नेली. प्रोग्राम गुपचूप चालू झाला.

तेव्हापासून दर एक जानेवारीला सकाळी आंघोळ करून बयाकाकू येतात, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि त्याला मागच्या वर्षात सोडून येतात. या खोलीत यंदा दोन हजार चौदा बाराव्यांदा चालू होतं.

पावतीवर अर्थातच चौदा छापून येतं. त्यावर काकू जांभळ्या शाईने तारखेचा रबरी शिक्का मारतात, तो खरा. पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे की रंगनाथच्या पावतीवर छापलेलं वाचायचं नाही, हाणलेलं वाचायचं. एकोणतीस फेब्रुवारी चौदा सालात नाहीच. म्हणून लीप वर्षात त्या दिवशी काट्यावर पाटी लागते: 'घरी कार्य असल्यामुळे बंद.'

आता बाजाराचं प्रमाणपत्र होतं यंदाचं. चौदा सालात बसलेल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते अजून अकरा वर्षांनी जन्माला यायचं होतं. त्याने नाकारलं यात त्याची काहीच चूक नव्हती. खोलीत नियमाने वागणारा तो एकटाच होता.

फोन: सुयशला, नाशिकला. सुयश कॉलेजपासूनचा मित्र, तेच काम करतो, झोप जास्त घेतो.

"जय भीम. बोल."

"जय भीम. अरे, एक मशीन दोन हजार चौदात अडकलंय."

"आमच्या सोसायटीचा चेअरमन एकोणीसशे ब्याऐंशीत अडकलाय. साल पुढे घे."

"घेतलं तर काट्याचा प्रोग्राम मरतो. हंगाम चालू आहे. बाहेर ट्रॉल्यांची रांग आहे."

"मग तपासणी बंद कर. एक ओळीचं काम."

"कुलूप राहील, पण समोर कोण आहे तेच बघितलं जाणार नाही."

"अगं, निफाडच्या काट्यावर कोण येणारे चोरी करायला? रशियन?"

"तसं नाही रे..."

"उद्या अकरा, तेजल. तत्त्वं बुधवारी पाळ."

तपासणी: बंद.

जोडणी झाली.

लगेच झाली. हिरवी टिकली आली. रंगनाथकाकांनी टाळी वाजवली, बयाकाकूंनी देवापुढचा पेढा आणून तेजलच्या हातावर ठेवला. पलीकडे निवृत्ती खुर्चीतून अर्धा उठला.

पुष्कळशा प्रोग्रामांची गोष्ट इथेच संपते. पुढची दहा वर्षं सगळे पेढा खातात.

तेजलने पेढा तोंडात टाकला. मग ती स्क्रीनकडे वळली. प्रोग्रामच्या वरच्या ओळीत तिने हौसेने स्वतःचं नाव टाकलं होतं, आणि त्याच्या खालोखाल आता 'तपासणी: बंद' लिहिलेलं होतं. वाचताना ते तिच्याबद्दलच लिहिल्यासारखं वाटत होतं.

"काका, थोडा वेळ मला चोर होऊ द्या."

"व्हा की. चहा टाकू का?"

तिने स्वतःचा लॅपटॉप काट्याच्या वायफायला जोडला आणि अशी सोय केली, की बाजाराकडे निघालेली जोडणी आधी तिच्याकडेच यावी. दाखवायला प्रमाणपत्र हवं, म्हणून तिने घरचं एक बनवलं. त्यावर लिहिलं:

नाव: निवृत्ती.
पत्ता: समोर.
शिक्का: माझा मीच.

"घ्या पुढची ट्रॉली."

मोतीराम कांद्याची ट्रॉली घेऊन चढला. लाल आकडे नाचून थांबले. स्क्रीनवर उत्तर आलं: 'बाजार: वजन मिळालं. धन्यवाद.'

"पोचलं!" काका म्हणाले.

"बाजारात फोन लावा."

काकांनी लावला. स्पीकरवर एक कंटाळलेला आवाज म्हणाला, "काही आलेलं नाही हो. आलं की कळवतो. जेवायला चाललोय."

तेजलने लॅपटॉप वळवून दाखवला. मोतीरामचं वजन त्यावर निवांत बसलं होतं. "धन्यवाद मी म्हटलं. आता यातले दोनशे किलो काढून मी पुढे बाजाराला पाठवू शकते. खाली नाव तुमच्या काट्याचं."

रंगनाथकाका वाकून बघत राहिले. "यानं तुमच्याकडं कागद मागितला नाय?"

"मागितला. मी दाखवला. त्यावर निवृत्ती लिहिलंय."

"अन् हा काय म्हणला?"

"या, बसा म्हणाला."

काका दारात गेले. थोडा वेळ पलीकडे बघत राहिले. निवृत्तीने हात हलवला. काकांनी हलवला नाही.

"हा मोतीराम," ते आत न वळताच म्हणाले, "दर हंगामाला पहिल्या दिवशी दोन पोती दुसरीकडं तोलून आणतो अन् माझ्या काट्यावर टाकतो. माझ्या तोंडावर. राग नाय येत मला. निवृत्ती असं तपासू देत नाय, म्हणून तर लोक इकडं येत्यात." मग ते वळले. "ते बंद केलं ते चालू करा."

"चालू केलं की साल बदलावं लागेल."

"काय म्हणली?" बयाकाकू म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी बशीत जरा जोरातच ठेवला.

वाद (फक्त मोठ्याने झालेला भाग)

"अन् हा बंद पडला मंग? हंगामात?"

"माझा प्रोग्राम थेट केबलवरून वजन घेईल, काकू. पावतीसुद्धा छापेल. आज रात्री घरी बसून लिहिते."

"घेईल म्हंजी? घेऊन बघितलंय का?"

"नाही. जुना प्रोग्राम चालू असेपर्यंत तो केबल कुणाला देत नाही."

"म्हंजी आधी ह्याला मारायचा, मंग बघायचं तुझा जगतो का."

"...हो."

"अन् नाय जगला तर?"

तेजलने काही खोटं सांगितलं नाही. "तर काटा बंद. निदान उद्याचा दिवस."

"अहो, ऐकलं का हिचं?"

"ऐकलं," रंगनाथकाका म्हणाले. "बया, समोर कोण बसलंय ते न बघता मी वजन कुणाच्या हातात देऊ? लोक काय म्हणतील, रंगनाथ दुसऱ्याला तोलतो अन् स्वतः डोळे मिटतो?"

काकूंनी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "साल मीच बदलणार. दर वेळी मीच बदललंय."

मंगळवार.

नारळ आणलेला होता. हळदकुंकू झालं. बाहेर ट्रॉल्या थांबलेल्या. पहिली मोतीरामची, कालचा उरलेला कांदा घेऊन. निवृत्तीने आज खुर्ची रस्त्याच्या अगदी कडेला आणली होती.

बयाकाकूंनी माऊस धरला आणि सालाच्या बाणावर दाबत गेल्या. पंधरा. सोळा. सतरा. वीस-एकवीसला जरा थबकल्या, मग पुढे. पंचवीस.

"अकरा वर्षं गेली की फटक्यात."

"कुणाची?" रंगनाथकाकांनी विचारलं.

"ह्याची. आपली तर आधीच गेल्यात."

परवानगी संपली आहे. कृपया विक्रेत्याशी संपर्क साधा.

टायवाल्याचा नंबर खाली होता. काकांनी सवयीने लावून पाहिला. नंबर अस्तित्वात नव्हता.

तेजलने आपला प्रोग्राम सुरू केला.

केबल दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात आहे.

"मेला ना तो?" काका म्हणाले.

"मेला. पण केबल सोडत नाहीये."

"म्हंजी आमच्या तात्यांसारखंच," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत किल्ल्या कनवटीला."

 तेजलने चालू प्रोग्रामांची यादी उघडली, त्यात लपून बसलेला जुना शोधला आणि तिथून त्याला कायमचा बंद केला. पुन्हा सुरू केलं. बाहेर मोतीरामने हॉर्न वाजवला. ट्रॅक्टर काट्यावर चढला. डब्यात लाल आकडे नाचले, थांबले.

स्क्रीनवर तोच आकडा आला.

नाव: जुळलं.
शिक्का: ओळखीचा.
तारीख: चालू.
जोडणी झाली.

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. कालच्या पेढ्याने सगळ्यांना शहाणं केलं होतं. काकांनी फोन लावला. तोच कंटाळलेला आवाज म्हणाला, "हो, आलंय. मोतीराम, कांदा. काटा मान्य. आणि कालपासून दहा वेळा फोन करताय, जरा आवरा."

रंगनाथकाका दारात गेले आणि या वेळी त्यांनीच निवृत्तीला हात हलवला. लांबलचक. निवृत्ती खुर्ची उचलून सावलीत गेला.

प्रिंटरमधून पावती निघाली. या काट्याची खऱ्या सालाची अशी पावती मोतीरामच्या हातात कितीतरी वर्षांनी येत होती. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"हे काय? साल बरोबर छापलंय."

"मंग?"

"मंग खरी कशी मानू? शिक्का कुठंय?"

"मोतीराम, आता शिक्का लागत नाय. मशीन स्वतः बघतंय."

"मशीन काल चौदा म्हणत व्हतं, आज पंचवीस म्हणतंय. उद्या काय म्हणंल?" मोतीरामने पावती परत टेबलावर ठेवली. "शिक्का हाणा काकू, मी हाय इथंच."

मागच्या ट्रॉलीवाल्याने हॉर्न दिला. तेजल समजावून सांगायला पुढे सरसावली. सर्व्हर, प्रमाणपत्र, संस्था, सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. मग तिने मोतीरामकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून उभा होता, लायब्ररीतल्या त्या चार ओळींसारखाच, आणि काही केल्या बंद होणार नव्हता. ती बाजूला झाली.

काकूंनी डबी उघडली, शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि ठप्प.

मोतीरामने वाचलं. मग छापलेलं वाचलं. पुन्हा हाणलेलं.

"काकू, हा कालचा हाय."

नारळाच्या गडबडीत शिक्क्याची तारीख पुढे न्यायची राहून गेली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा छापलेलं खरं होतं आणि हाणलेलं खोटं. रंगनाथकाका मोठ्याने हसले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हसू मध्येच तुटलं.

"कागद परत काढ गं," त्या तेजलला म्हणाल्या. मग नखाने शिक्क्याचं इवलंसं चाक एक घर पुढे सरकवलं, नव्या पावतीवर पुन्हा वाफ, पुन्हा ठप्प.

मोतीरामने दोन्ही तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या, ओठ हलवत.

"आता जुळलं," तो म्हणाला, पावती घडी करून टोपीत खोचली आणि ट्रॅक्टर काट्यावरून खाली घेतला.