वगळलेल्या तीन ओळी

मी आईच्या औषधांची फाइल बोलतेय. कॉम्प्युटरवरची साध्या मजकुराची फाइल. मथळ्यापुढे चांदणी, यादीपुढे आडवी रेघ, एवढाच माझा दागिना. पण माझ्यातली एकही ओळ खोटी नाही, हे आधीच ठणकावून सांगते!

मला लिहिलं धाकट्या मुलीनं. आईजवळ सहा महिने राहून तिनं सगळं टिपलं. शेवटच्या मथळ्याखाली तीन ओळी होत्या: 'साखरेची गोळी घेतल्याचं आई विसरते. पुन्हा मागते, रडते, शिव्याही देते. दादाला विचारल्याशिवाय दुसरी देऊ नये.'

मग ती नोकरीवर परतली आणि आईला सांभाळायला मावशी येऊ लागल्या. त्यांना मोबाइलवर वाचता यावं म्हणून दादानं माझं वेब पान करायला घेतलं. हौस दांडगी! माझ्या डोक्यावर, पान कसं दिसावं याच्या सूचना चढवल्या: अक्षर मोठं, अनुक्रमणिका वर, मथळे निळे. निळ्याच्या छटा निवडण्यात तीन दिवस घालवले. मजकूर मात्र एकदाही धड वाचला नाही. नजरेत भरलं ते फक्त 'शिव्याही देते'.

"अगं, हे पान काका-आत्यासुद्धा बघणार," तो बहिणीला फोनवर म्हणाला. "आईची शोभा कशाला?"

"दादा, ते मावशींसाठी आहे. राहू दे."

"बरं बाई, बघतो."

बघतो कसला! फोन ठेवला आणि त्या मथळ्याशेजारी खूण केली: पानात घेऊ नये. ओळी माझ्या पोटात तशाच राहिल्या, पानावर त्यांचा मागमूस नव्हता.

पान सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी आईला गोळी देऊन, जेवू घालून दादा कामावर गेला. मावशी आल्या तर आई रडत होती. "मला गोळीच दिली नाही गं कुणी!" मावशींनी बिचाऱ्यांनी पान उघडलं. 'दुपारी एक गोळी.' त्यांनी दिली.

तासाभरात आईची साखर एकदम उतरली, दरदरून घाम फुटला, डोळे फिरले. शेजाऱ्यांनी धावपळ करून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचली.

आणि दादा काय म्हणाला? "फाइलमध्ये लिहिलंच नव्हतं!" माझ्या नावानं खडे फोडले! असा संताप आला म्हणून सांगू! अरे, लिहिलेलं होतं. तू झाकलंस.

बहीण धावत आली. तिनं मला उघडलं, शेवटपर्यंत वाचलं.

"दादा, ही खूण कुणाची?"

मावशींचे डोळे भरून आले. "ताई, मला हे आधी का नाही दाखवलं हो? माझ्या हातून जीव गेला असता."

बहिणीनं खूण पुसली, त्या ओळी सगळ्यात वर आणल्या आणि पान नव्यानं काढलं. निळा रंग राहू दिला.

मला हवं तसं नटवा, माझी ना नाही. पण आधी वाचा, आणि लाज वाटते म्हणून माझं तोंड दाबू नका.

आजही आईनं गोळी मागितली, मिळेना तशी शिव्या घातल्या. मावशींनी दादाला फोन करून विचारलं, मग आईचा हात हातात घेतला.

"झाली हो तुमची गोळी. घाला अजून दोन शिव्या."