गुणपत्रिकेला इस्त्री

थोरली शाळेची शेवटची परीक्षा पास झाली आणि त्याच महिन्यात वडील गेले. पुस्तकांऐवजी तिच्या हातात इस्त्री आली. तेव्हा ती कोळशाची होती. आईने कपडे धुवायचे, थोरलीने इस्त्री करायची, असं जे ठरलं ते ठरलंच. धाकट्या दोघी शिकून आपापल्या घरी गेल्या. थोरली त्याच टेबलापाशी पन्नाशीला टेकली.

यंदा तिने कॉलेजात अर्ज केला. आई भडकली.

"तुझ्या वयाच्या बायका नातवंडं खेळवतात! लोक तोंडात बोटं घालतील."

"घालू देत. कपडे तर आपल्याकडेच टाकतात ना?"

आई हसली नाही. पुढे कॉलेजचं नाव निघालं की ती तोंड फिरवायची.

प्रवेशाचा शेवटचा दिवस आला. मूळ गुणपत्रिका दाखवायची होती. वर्षानुवर्षं घड्या घालून ठेवलेली ती गुणपत्रिका फाटू नये म्हणून थोरलीने पातळ प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली, टेबलावर ठेवली आणि ती अंघोळीला गेली.

बाहेर आली तर जळका वास. आई इस्त्री धरून उभी होती.

"किती चुरगळली होती गं! कॉलेजात अशी नेणार? इस्त्रीवाल्यांची पोर म्हणून नाव घालवशील माझं."

आईला अलीकडे अंधुक दिसायचं, आणि जन्मभर कपडे घासून बधिर झालेल्या बोटांना ते प्लास्टिक कळलंच नव्हतं. पाकीट वितळून कागदाला चिकटलं होतं. इस्त्रीबरोबर अक्षरंही निघून आली होती.

"झाली का नीट?" आईने विचारलं.

थोरलीने इस्त्रीचं बटण बंद केलं. "छान झाली, आई."

कॉलेजच्या खिडकीमागच्या कारकुनाने कागद उजेडात धरला. "बाई, यातलं काहीच वाचता येत नाही. शाळेतून दुसरी प्रत आणा."

"शाळा कधीच बंद पडली हो."

"मग बोर्डाकडे अर्ज करा. महिने जातात त्यात. पुढच्या वर्षी या."

ती परतली तेव्हा आई दारातच बसली होती. टेबलाचा खिडकीकडचा कोपरा तिने रिकामा करून, स्वच्छ पुसून ठेवला होता.

"पुस्तकं इथे ठेव. उजेड बरा येतो," आई म्हणाली. "काय म्हणाले गं?"

"विचारत होते, एवढी कडक इस्त्री केली कुणी?"

"मग? माझं नाव सांगितलंस ना?"

"सांगितलं."

आई खुदकन हसली. थोरली तिच्याकडे पाठ करून इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं प्लास्टिक सुरीने खरवडत बसली.